बातमी काढायची, म्हणजे अक्षरशः काढायची

मराठीत बातमीही ‘काढतात’ आणि चित्रही ‘काढतात’. हे माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते पहाटे साडेपाचला, एस.टी. स्टँडवर, मेथीच्या गाठोड्याला टेकून बसले असताना. मांडीवर वही, हातात पेन. शेजारच्या मावशींनी मला आधी जनगणनेवाली समजून घरात माणसं किती ते आपणहून सांगून टाकलं. मग वहीत डोकावल्या. “आगं, ही तर मी हाय,” म्हणाल्या, आणि लगेच, “पण माझं नाक एवढं मोठं न्हाई.”

त्या पहाटेतून चार पानांचं कॉमिक निघालं. विषय एवढाच: भाजी घेऊन पहिल्या गाडीनं शहरात येणाऱ्या बायका, आणि १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर त्यांच्या दिवसात काय बदललं. कॉमिकमधून बातमी कशी करायची हे मी त्याच चार पानांच्या आधारानं सांगणार आहे, कारण माझ्या बहुतेक चुका त्यात एकगठ्ठा सापडतात. सामान फार लागत नाही. कोऱ्या पानांची वही, पाण्यानं न पसरणारी दोन काळी पेनं (०.३ आणि ०.५), पेन्सिल, आवाज रेकॉर्ड करणारा फोन, आणि जवळपास झेरॉक्सचं दुकान.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. कॉमिक्स पत्रकारिता म्हणजे राजकीय व्यंगचित्र नाही आणि लेखाच्या कडेला लावलेलं सजावटीचं चित्रही नाही. खरी माणसं, त्यांचं खरं बोलणं आणि तपासलेली माहिती चौकटींतून सांगायची. चूक झाली तर ती बातमीतली चूकच ठरते. “कलाकाराचं स्वातंत्र्य” म्हणून सुटता येत नाही.

आधी वाचा, आणि प्रत्येकीकडून एकच गोष्ट उचला

फ्रान्समधल्या अँगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवानं २०१६ साली आपल्या सर्वोच्च सन्मानासाठी तीस नावं जाहीर केली. तिसांत बाई एकही नाही. स्त्री-कॉमिककारांच्या ‘बीडी एगालिते’ गटानं बहिष्काराची हाक दिली, यादीतल्या बऱ्याच पुरुषांनी स्वतःची नावं मागे घेतली, आणि महोत्सवाची पुरती शोभा झाली. पण बायकांची नावंच सापडत नाहीत ही सबब तेव्हाही खोटी होती. आपल्या मुंबईत मंजुला पद्मनाभन १९८२ पासून ‘संडे ऑब्झर्व्हर’मध्ये ‘सुकी’ची कॉमिक-पट्टी काढत होत्या. गोव्यात वाढलेल्या, गोवा कला महाविद्यालयात शिकलेल्या अमृता पाटील यांची ‘कारी’ ही चित्रकादंबरी २००८ साली आली. म्हणून मी शिकवताना यादी मुद्दाम बायकांचीच देते. सगळी पुस्तकं मिळाली नाहीत तरी चालेल. दोन मिळाली तर ती पेन्सिल घेऊन वाचा.

सारा ग्लिडन यांचं ‘रोलिंग ब्लॅकआउट्स’ (२०१६). २०१० साली त्या पत्रकार मित्रमैत्रिणींबरोबर तुर्कस्तान, इराक आणि सीरियात फिरल्या, संभाषणं रेकॉर्ड केली आणि पुस्तकातले संवाद त्या रेकॉर्डिंगवरून उतरवले. फुग्यातलं, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडाशी काढलेल्या गोलातलं, वाक्य हे अवतरण असतं, ही त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट. आपण बातमीत अवतरणचिन्हांत मनचं काही घालत नाही. फुगाही तसाच समजायचा.

व्हिक्टोरिया लोमास्को रशियातल्या. कोर्टातले खटले, निदर्शनं, हायवेवरचे संपकरी ट्रकचालक हे सगळं त्यांनी समोर उभं राहून काढलं आणि माणसांचं बोलणं चित्राशेजारी लिहून ठेवलं. ‘अदर रशियाज’ (२०१७) उघडून बघा. रेघ कुठं जाड, कुठं घाईची आहे, आणि त्या घाईतच पुरावा आहे: ही बाई तिथं होती.

केट इव्हान्स यांचं ‘थ्रेड्स’ (२०१७) फ्रान्समधल्या कॅलेच्या निर्वासित छावणीबद्दल आहे. कॅले हे लेस विणणाऱ्यांचं गाव, म्हणून त्यांनी दोन चौकटींच्या मधल्या मोकळ्या पट्टीत लेसची नक्षी भरली. विषयातूनच पानाची रचना सापडते ती अशी. माझ्या चार पानांत मी भाजीवाल्यांच्या गोणपाटाची वीण पट्टीत वापरली. ही उसनवारी मी उघड कबूल करते.

कोरियाच्या किम गुम-सुक (पाश्चात्त्य प्रकाशक त्यांना केउम सुक जेंड्री-किम लिहितात) यांचं ‘ग्रास’ २०१७ सालचं. जपानी सैन्यानं लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या ली ओक-सुन यांना भेटून, त्यांच्या मुलाखतींवरून ते केलेलं आहे. अत्याचाराच्या जागी त्या काळ्या चौकटी ठेवतात. काय काढायचं नाही हे ठरवायला शिकायचं असेल तर दुसरं पुस्तक शोधू नका.

आणि फहमिदा अझीम. बांगलादेशात जन्मलेल्या ह्या अमेरिकन चित्रकर्तीनं सहकाऱ्यांबरोबर एका उइघुर (चीनमधल्या मुस्लिम अल्पसंख्य समाजातल्या) बाईची चिनी बंदी-छावणीतली हकीकत ‘इन्सायडर’ ह्या वृत्तसंकेतस्थळासाठी चितारली. अमेरिकेतल्या पत्रकारितेच्या पुलित्झर पुरस्कारांनी २०२२ मध्ये व्यंगचित्राच्या विभागाचं नाव बदलून ‘सचित्र वार्तांकन आणि भाष्य’ केलं, आणि नव्या नावानं पहिला पुरस्कार त्या चौघांच्या चमूला मिळाला. पुढच्याच वर्षी तो मोना चलाबी यांना मिळाला. त्या आकडेवारी हातानं काढतात. ‘आकडा आला की तक्ता टाका’ एवढ्यावर आपण थांबत असू तर त्यांचं काम एकदा पाहायलाच हवं.

भारतातली दोन पुस्तकं मात्र चुकवू नका, कारण ती थेट आपल्या घरातली आहेत. श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांचं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ (२०११) जोतीबांच्या ‘गुलामगिरी’वर आहे, त्यात सावित्रीबाईही आहेत. त्याच वर्षीचं ‘भीमायन’ दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी गोंड शैलीत काढलं. त्यात सरळ रेघांच्या चौकटी नाहीत. मायेनं बोललेलं वाक्य पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं आणि विषारी वाक्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. बाबासाहेबांना पाणी नाकारणारा माणूस बोलतो तेव्हा ती नांगी बघा. ‘तो तुसडेपणानं म्हणाला’ असं लिहायची गरजच उरत नाही. दिल्लीच्या आंदोलनावरचं इता मेहरोत्रा यांचं ‘शाहीन बाग’ (२०२१) आणि झुबान ह्या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेनं काढलेलं चौदा जणींचं ‘ड्रॉइंग द लाइन’ (२०१५) हीसुद्धा यादीत घाला.

विषय: पायी जाता येईल एवढा

नव्यानं सुरुवात करणारी प्रत्येक मुलगी मला ‘स्त्रियांवरचे अत्याचार’ असा विषय सांगते. तो विषय होत नाही, तो विभाग झाला. चार पानांत एक जागा, दोन-तीन माणसं आणि एक प्रश्न मावतो. जागा घरापासून जवळ असावी, कारण तिथं तुम्हाला किमान तीनदा जायचंय. पहिल्या दिवशी माणसं तुमच्याशी बोलतात, दुसऱ्या दिवशी तुमच्यादेखत एकमेकांशी बोलतात, आणि तिसऱ्या दिवशी विसरतात की तुम्ही बसला आहात. चित्रं तिसऱ्या दिवशी मिळतात.

प्रश्न असा ठेवा की त्याचं उत्तर हातवाऱ्यांत दिसेल. “अर्ध्या तिकिटाबद्दल तुमचं मत काय?” असं मी विचारलं तर मला “चांगलं झालं” एवढंच मिळालं. “वाचलेले पैसे कुठं ठेवता?” विचारल्यावर एकीनं कनवटीची गाठ सोडून दाखवली. दुसरी म्हणाली, “तिकीट अर्धं झालं, गर्दी दुप्पट झाली. पैलं मी बसून यायची, आता बोचकं बसतं आन् मी उभी.” तिसऱ्या पानाची मोठी चौकट तिथंच ठरली: सीटवर ऐटीत बसलेलं बोचकं, आणि शेजारी दांडा धरून उभी बाई.

जागेवर काय टिपायचं

माझी वही तीन प्रकारांनी भरते. पहिल्या प्रकारात तीस सेकंदांची चित्रं असतात. चेहरे नकोत. आधी बसण्याची ढब, पदर कसा खोचलाय, हात कुठं आहेत. चेहरा फोटोतून पुन्हा मिळतो, ढब मिळत नाही. बारा-पंधरा वाईट चित्रांत एक चांगलं निघतं, आणि वाईट चित्रंही ठेवायची, कारण पुढं कुणाच्या हातात पिशवी होती की टोपली हे तीच सांगतात.

दुसऱ्या प्रकारात जागेचा नकाशा. वरून पाहिल्यासारखा: फलाट कुठं, चहाची टपरी कुठं, दिवा कोणत्या बाजूला, कोण कुठं बसतं. हा नकाशा नसेल तर दुसऱ्या चौकटीत टपरी डावीकडे आणि पाचव्या चौकटीत उजवीकडे जाते. वाचकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो.

तिसरा प्रकार याद्यांचा. आवाज, वास, अंगावर येणारी थंडी, किमती, वेळा. गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली. मावशींच्या मेथीच्या किती जुड्या होत्या आणि किती उरल्या. आवाजांवर विशेष लक्ष द्या, कारण मराठी ह्या बाबतीत गर्भश्रीमंत आहे. गाठोडं टपावरून पडलं तर धप्प, भांडं पडलं तर ठण्ण, शटर वर गेलं तर खर्रर्र, तेलात मिरची पडली तर चर्रर्र. तरी आपली कॉमिकं ‘बँग’ आणि ‘क्रॅश’ लिहितात, ह्याचं मला खरंच नवल वाटतं.

फोटो घ्या, पण विचारून, आणि मुख्यतः वस्तूंचे: तराजू, चपला, गाडीची पाटी, पिंपाचं झाकण. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा आणि ‘मी हे छापण्यासाठी विचारतेय’ हे मोठ्यानं बोलून घ्या. समोरचं “हो, विचार” रेकॉर्डमध्ये राहतं.

दूर बसूनही काम होतं. चित्रकर्ती नोरा क्रुग यांनी युक्रेनमधली एक पत्रकार आणि रशियातला एक चित्रकार अशा दोघांशी युद्धाच्या पहिल्या वर्षात सतत संपर्क ठेवून ‘डायरीज ऑफ वॉर’ (२०२३) केलं, दोघांची नावं न देता. मात्र पहिलंच काम असेल तर हा मार्ग घेऊ नका. फोनवरून ढब दिसत नाही.

संमती, आणि दार विसरल्याची गोष्ट

माझी सगळ्यात वाईट चूक इथली आहे. काही वर्षांपूर्वी मी नवऱ्याचा मार सोसून बाहेर पडलेल्या एका बाईची दोन पानांची गोष्ट केली. नाव बदललं, चेहरा बदलला, वय पाच वर्षांनी वाढवलं. पण घर आवडलं होतं म्हणून जसंच्या तसं काढलं: निळं दार, त्यावर घोड्याची नाल, उंबऱ्याशी तीन पायांचं कुत्रं. कॉमिक फोनाफोनीतून तिच्या गल्लीत पोचायला दोन दिवस लागले नाहीत. तीन पायांची कुत्री गल्लीत किती असणार? तिनं मला रागावून फोनही केला नाही, फक्त म्हणाली, “ताई, दार तरी बदलायचंत.”

तेव्हापासून ओळख लपवायची असली की मी एक यादी करते: चेहरा, केस, उंची, दागिना, साडी नेसण्याची पद्धत, दार, खिडकी, झाड, जनावर, गाडी, दुकानाची पाटी, बोलीतला खास शब्द. शेजारणीला ज्यावरून ओळख पटेल ते सगळं बदलायचं, आणि बदललंय हे वाचकाला तळटिपेत सांगायचं.

काही बाबतींत हा मनाच्या मोठेपणाचा प्रश्नच नाही, कायदा आहे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांसाठी पॉक्सोचं कलम २३ आहे, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४. ओळख फक्त नावानं उघड होत नाही, ओळखू येणारं चित्रही तेच काम करतं.

संमती दोनदा घ्या. एकदा बोलण्यापूर्वी, एकदा पेन्सिलीतली पानं दाखवून. शाई भरण्याआधी. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला चित्र लगेच कळतं, आणि छापील बातमीपेक्षा कॉमिक इथं सरस ठरतं. बातमी मी तिला वाचून दाखवीन तशीच तिला कळते. पान मात्र ती स्वतः बघते आणि बोट ठेवून सांगते, इथं चुकलंय.

चार पानांची आखणी

एक ए-फोर कागद मधोमध दुमडला की ए-फाइव्हची चार पानं होतात. स्टेपलही लागत नाही. छापताना एका बाजूला पान ४ आणि १ शेजारी, दुसऱ्या बाजूला २ आणि ३. ह्या साध्या घडीचा गोष्टीवर परिणाम होतो. पान १ वरून वाचक पानं उघडतो, म्हणून पहिल्या पानाची शेवटची चौकट प्रश्नावर सोडा. २ आणि ३ एकाच वेळी नजरेसमोर येतात, त्यामुळे तिथं काही लपत नाही. ३ च्या शेवटी पुन्हा उलटणं आहे, म्हणून धक्का द्यायचा तर तो ४ वर. माझं बसलेलं बोचकं ३ वर आलं ते घडीचा विचार न करता. २ उघडताच डोळा थेट तिकडे जातो आणि आधीच्या चार चौकटी वाया जातात. आज केलं असतं तर ते मागच्या पानावर एकटं ठेवलं असतं.

लिहायचं कसं? रेकॉर्डिंग उतरवून काढा, सगळं. मग प्रत्येक माणसाची पाच वाक्यं निवडा. बाकीचं बाजूला. पानाला पाच किंवा सहा चौकटी, चौकटीला फार तर वीस-पंचवीस शब्द. त्याहून जास्त झाले तर चित्राला जागा उरत नाही. फुगा बोलणाऱ्याचा, चौकटीतल्या निवेदनाच्या पट्टीतला मजकूर तुमचा. पट्टीत चित्रातलं परत सांगू नका. कोकणातल्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं चित्र समोर धरतात आणि चित्रात नाही ते गाऊन सांगतात. नेमकं तेच करायचंय. चित्रात बाई गाडीत चढताना दिसतेय तर पट्टीत ‘बाई गाडीत चढतात’ कशाला? तिथं लिहा: ‘घरातून निघून तीन तास झाले. अजून चहा नाही.’

तुम्ही स्वतः चित्रात असावं का? माझं मत: एका तरी चौकटीत असावं. ‘अ गार्डनर’मध्ये लेखिका आणि चित्रकर्ती स्वतः पात्र म्हणून येतात आणि जोतीबांच्या म्हणण्यावर आपसांत बोलतात. ग्लिडनही पानोपानी दिसतात. वही घेऊन बसलेली बाई दिसली की वाचकाला कळतं की हे कुणीतरी, कुठल्यातरी जागेवरून बघतंय. पण सगळ्या चौकटींत आपणच दिसायला लागलो की ती बातमी राहत नाही, सेल्फी होते. माझ्या चार पानांत मी एकदाच आहे, पाठमोरी, मोठ्या नाकाच्या मावशींच्या शेजारी.

कच्चं, पक्कं

आधी हाताच्या तळव्याएवढी कच्ची पानं करा. काड्यांची माणसं, फुग्यांच्या जागी नुसती वर्तुळं. प्रत्येक पान तीनदा, तीन वेगळ्या रचनांत. हा टप्पा गाळायचा मोह होतो, आणि गाळला की पक्क्या पानावर फुग्याला जागा नाही म्हणून कुणाचं तरी डोकं कापलं जातं. फुग्याची जागा चित्राच्या आधी ठरवायची. डावीकडून उजवीकडे, वरून खाली: जो आधी बोलतो तो डावीकडे किंवा वर असायला हवा. समोरासमोर बसलेली दोन माणसं उलट बाजूंना काढली की उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो.

“मला चित्रं येत नाहीत” हे मी खूप ऐकते. रचिता तनेजा २०१४ पासून ‘सॅनिटरी पॅनेल्स’ काढतायत, काड्यांच्या माणसांत. २०२० च्या डिसेंबरात त्यांच्या चित्रांवरून न्यायालयाच्या अवमानाच्या खटल्याला ॲटर्नी जनरलनी संमती दिली होती. चित्राला काही अर्थ असल्याशिवाय हे होत नाही. काड्यांची माणसं चालतात, पण वस्तू नेमक्या हव्यात. एखादी ढब जमत नसेल तर अमेरिकन कॉमिककार ॲलिसन बेक्डेल ‘फन होम’ ह्या आत्मकथनासाठी करायच्या तसं करा: टायमर लावून स्वतःच त्या ढबीत उभ्या राहा, फोटो घ्या, त्यावरून काढा. डोक्यावर गाठोडं घेऊन एस.टी.ची पायरी चढताना कोणता गुडघा आधी वाकतो हे मला माझ्याच जिन्यात, डोक्यावर उशी घेऊन कळलं. शेजाऱ्यांना अजून कळलेलं नाही.

मूळ पान ए-फोरवर काढा आणि छापताना ए-फाइव्ह करा, म्हणजे साधारण ७१ टक्के. कापरी रेघ घट्ट दिसते. शाईचं काम काळं-पांढरं ठेवा. झेरॉक्सवर करडी छटा चिखल होते. छटा हवी असेल तर आडव्या रेघांनी भरा.

फुग्यातली मराठी

इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण लेटरिंगवरची बहुतेक पुस्तकं रोमन अक्षरांसाठी आहेत आणि त्यांचे नियम आपल्याकडे उलटे पडतात. रोमन अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं वरच्या रेघेला लटकतं. म्हणून आखणी शिरोरेषेची करा, पायाची नको. फिकट पेन्सिलीनं शिरोरेषा आखा, अक्षरं टांगा, आणि शेवटी शब्दागणिक रेघ ओढा. वाक्यभर एकच रेघ ओढलीत तर शब्द चिकटतात.

दोन ओळींत अंतर जास्त लागतं. वरच्या ओळीत ‘तू’ आणि नेमका त्याखाली ‘विद्यार्थी’ आला की ऊकार रफारात घुसतो. मूळ ए-फोर पानावर मी अक्षराची उंची ५ मिलिमीटर ठेवते आणि एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत १० ते ११. छापल्यावर अक्षर साडेतीनच्या आसपास येतं आणि मावशींच्या वयाला वाचता येतं.

फुगा गोल नको, रुंद हवा. आपल्या शब्दांना प्रत्यय चिकटतात: ‘भाजीवाल्यांच्याबरोबरसुद्धा’ हा एक शब्द अख्खी ओळ खातो. तोडू नका. वाक्यच फिरवा. ‘ना’, ‘की’, ‘तर’ ह्यांना ओळीवर एकटं सोडू नका, मागच्या शब्दाजवळ ठेवा. इंग्रजी कॉमिकात जोर द्यायला शब्द ठळक करतात. मराठीत ते काम ‘च’ आणि शब्दांची जागा करते. “मीच उभी” म्हटल्यावर ‘मी’ जाड करण्यात अर्थ नाही.

बोलीचं काय करायचं? बोलणारीचं ‘न्हाई’ मी ‘नाही’ करत नाही. पण बोली म्हणजे अशुद्धलेखनाची आरास नव्हे. प्रत्येक शब्द वाकडा लिहून बाईला विनोदी करण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे, आणि ती गावाकडच्या बाईलाच लागू होते, शहरातल्या साहेबांच्या खऱ्या उच्चारांना कधी होत नाही. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं तेवढंच लिहा, आणि साहेबांचंही तसंच लिहा.

संगणकावर अक्षरं टाकत असाल तर ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या संस्थेनं केलेले टाइपफेस मोफत आहेत आणि युनिकोडमध्ये आहेत. फोटोशॉपमध्ये मजकूर टाकल्यावर ‘किती’ची पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षरं फुटली, तर घाबरू नका. टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. तरीही छपाईआधी एकेक फुगा मोठ्यानं वाचून बघा. हातानं लिहिलेलंच मला जास्त आवडतं. चित्राची आणि अक्षराची रेघ एकाच हाताची असते.

तपासणी चित्राचीही

मजकूर तपासायची सवय बातमीदारांना असते, चित्र तपासायची नसते. प्रत्येक चौकटीत तीन प्रश्न: हे मी पाहिलं, की कुणी सांगितलं, की मी कल्पिलं? सांगितलेलं असेल तर रेघ किंवा चौकट वेगळी ठेवा. मी आठवणींच्या चौकटींना कडा काढत नाही, आणि हा संकेत पहिल्या पानाच्या तळाशी लिहून टाकते. कल्पिलेलं असेल तर काढून टाका.

पेन्सिलीतली पानं घेऊन स्टँडवर गेले तेव्हा नाकाबद्दल तक्रार राहिली नव्हती. मावशींनी दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. “ह्यो तागडी तराजू कुणाचा?” मी सवयीनं दोन पारड्यांचा तराजू काढला होता. त्यांच्याकडे दोन वर्षांपासून बॅटरीवरचा काटा होता आणि माझ्या फोनमध्ये त्याचा फोटोही होता. भाजीवाली म्हटली की दोन पारडी, हे माझ्या डोक्यातलं शाळेच्या पुस्तकातलं चित्र कागदावर उतरलं होतं. गरीब माणूस काढताना हात आपोआप जुनाट होतो. त्या काट्यासाठी एक चौकट पुन्हा काढली.

आकडे, वेळा, योजनेचं नाव आणि सुरुवातीची तारीख सरकारी आदेशावरून तपासा. “मला वाटतं मार्चात” असं कुणी म्हणालं असेल तर फुग्यात ते तसंच राहू द्या आणि बरोबर तारीख पट्टीत द्या.

छापणं, पाठवणं, पैसे

रेघांचं काम ६०० डीपीआयवर स्कॅन करा, रंगीत असेल तर ३०० पुरे. फोनसाठी पान तसंच्या तसं टाकू नका, अक्षरं मुंगीएवढी होतात. एका वेळी एक किंवा दोन चौकटी अशी उभी चित्रं वेगळी बनवा. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलं की बारीक रेघ धुरकट होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वर्तमानपत्राला किंवा मासिकाला देत असाल तर आधी दोन पक्की पानं आणि बाकीची कच्ची दाखवा. करार लेखी हवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे’ असं छापलेलं दिसलं तर त्यावर रेघ मारून ‘एकदाच्या प्रकाशनासाठी’ लिहायला सांगा. निम्मे संपादक मान्य करतात. मूळ कागद कधीही देऊ नका, स्कॅन द्या. मोबदला पानावर ठरवा, चौकटीवर नको, नाहीतर तुम्ही नकळत चौकटी वाढवायला लागता.

माझ्या चार पानांच्या पहिल्या शंभर प्रती झेरॉक्सवर निघाल्या. दहा स्टँडवर दिल्या. पुढच्या आठवड्यात गेले तर एका प्रतीत मिरच्या बांधून गिऱ्हाइकाला दिलेल्या दिसल्या, पान ३ वरच्या बाजूला. मावशींना म्हटलं, “अहो, हे तुमचंच चित्र आहे.” त्या म्हणाल्या, “म्हणूनच दिलं. घरी जाऊन वाचतील.”